कॅलक्युलेटरच्या पोटी

इंटेल कंपनीच्या ‘४००४’ या चिपला एकूण ४६ आज्ञा समजत. बेरीज कर, हा आकडा तिकडे ठेव, अमुक अट जुळली तर प्रोग्राममधल्या तमुक ठिकाणी जा, अशा बहुतेक आज्ञा आजच्या कुठल्याही प्रोसेसरमध्ये थोड्याफार फरकाने सापडतात. एक आज्ञा मात्र वेगळी आहे. तिचं नाव केबीपी. कीबोर्डकडून आलेल्या चार तारांपैकी कोणती तार चालू आहे ते पाहायचं आणि पहिली, दुसरी, तिसरी की चौथी ते आकड्यात सांगायचं, एवढंच तिचं काम. दोन तारा एकदम चालू असतील, म्हणजे घाईत कुणाची बोटं दोन बटणांवर पडली असतील, तर उत्तर म्हणून १५ हा आकडा द्यायचा. त्याचा अर्थ ‘चूक’.

बाजारात सुटी विकायला आलेली ही पहिली मायक्रोप्रोसेसर चिप. अवघ्या २,३०० ट्रान्झिस्टरांत तिचं सगळं काम भागवायचं होतं, एकेका ट्रान्झिस्टरची काटकसर चालली होती. अशा तंगीत बटणं ओळखणाऱ्या आज्ञेसाठी खास जागा राखली गेली, कारण ही चिप एका कॅलक्युलेटरसाठी घडत होती. तिची रचना, तिची मेमरी, तिचा आकार, इतकंच काय तिच्या मालकीचा सौदासुद्धा कॅलक्युलेटरच्या धंद्याने ठरवला. संगणकाच्या इतिहासात मात्र हा कॅलक्युलेटर एखाद्या ओळीत उरकला जातो. त्याला त्याची जागा परत मिळवून देणं हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

कथेची सुरुवात इंटेलच्या कितीतरी आधी होते. १९५७ मध्ये जपानच्या कॅसिओने ‘१४-ए’ हे यंत्र बाजारात आणलं. ते विजेवर चालायचं, पण त्यात इलेक्ट्रॉनिक असं काही नव्हतं. ३४२ रिले त्यात खटखटत असत. त्याचं वजन होतं १४० किलो आणि त्याला स्वतःचं टेबलच होतं. १९६१ मध्ये ब्रिटनच्या बेल पंच कंपनीने ‘अनिता’ हा कॅलक्युलेटर आणला. त्यात गिअर नव्हते की रिले नव्हते, वायूने भरलेल्या काचेच्या नळ्यांवर तो चालायचा. शेजारच्या टेबलावरचं यांत्रिक यंत्र खडखडत असताना हा गुपचूप उत्तर दाखवायचा, आणि हिशेबनिसांच्या लेखी ती मोठीच सोय होती. १९६४ मध्ये हायाकावा इलेक्ट्रिकने, म्हणजे आजच्या शार्पने, ट्रान्झिस्टरवर चालणारा ‘सीएस-१०ए’ काढला. वजन २५ किलो, किंमत ५,३५,००० येन. त्या पैशांत जपानमध्ये मोटारगाडी येत होती.

पुढच्या आठ वर्षांत या धंद्यात जी पडझड आणि चढाओढ झाली, तिला जपानमध्ये ‘कॅलक्युलेटर युद्ध’ असंच नाव पडलं. १९७२ मध्ये कॅसिओचा सहा आकडी ‘कॅसिओ मिनी’ १२,८०० येनला मिळू लागला. मोटारगाडीच्या भावाची वस्तू एवढी खाली आली, यामागे एकाच चिपवर अधिकाधिक ट्रान्झिस्टर बसवण्याची धडपड होती. १९६९ मध्ये शार्पने ‘क्यूटी-८डी’ काढला, तेव्हा त्यातलं गणिताचं काम अमेरिकेच्या नॉर्थ अमेरिकन रॉकवेल कंपनीने बनवलेल्या चार चिप्समध्ये मावलं होतं. अमेरिकेतल्या चिप कंपन्यांना संगणकवाल्यांकडून अशी घाऊक मागणी तोवर मिळत नव्हती. लाखोंच्या संख्येने चिप उचलणारं गिऱ्हाईक म्हणजे जपानी कॅलक्युलेटरवाला.

पण या धंद्यात एक अडचण दडलेली होती. त्या काळी चिपमध्ये जे गणित बसवायचं ते तारांच्या जोडणीतच कायमचं बसवलं जाई. छपाई करणारा कॅलक्युलेटर हवा, तर वेगळ्या चिप्स. वर्गमूळ हवं, तर वेगळ्या. बँकेसाठी, दुकानाच्या गल्ल्यासाठी, इंजिनिअरसाठी आणखी वेगळ्या. दर नव्या मॉडेलला आराखडा नव्याने काढायचा, महिनोन्‌महिने चाचण्या करायच्या, आणि तो बाजारात येईपर्यंत शेजारच्याने भाव पाडलेला असायचा.

हाच पेच जपानच्या बिझिकॉम कंपनीपुढे होता. कॅलक्युलेटरच्या बाजारात ती शार्प किंवा कॅसिओएवढी बडी नव्हती, पण हिकमती होती. एकच चिप-संच बनवावा आणि त्यावर निरनिराळी यंत्रं उभी करावीत, असा तिचा विचार होता. त्यासाठी तिने कॅलिफोर्नियातल्या इंटेलचं दार ठोठावलं. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये काढलेली इंटेल तेव्हा वर्षभराचीही झालेली नव्हती. तिचा भर मेमरी चिप्सवर होता आणि हाताशी डिझायनर मोजकेच होते.

जून १९६९ मध्ये बिझिकॉमचे तीन इंजिनिअर इंटेलमध्ये येऊन दाखल झाले. त्यांच्यात मासातोशी शिमा होते. शिमा मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर, पण बिझिकॉममध्ये त्यांनी कॅलक्युलेटरचं तंत्र आतून-बाहेरून जाणून घेतलं होतं. त्यांनी आणलेला आराखडा कच्चा नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. कॅलक्युलेटरच्या क्रिया तारांत न गोठवता रॉम मेमरीत प्रोग्रामच्या रूपात ठेवायच्या, ही कल्पना त्यात आधीच होती. फक्त त्यातली एकेक आज्ञा भारी मोठी होती आणि ती पार पाडण्यासाठी अनेक खास चिप्स लागणार होत्या, त्यातल्या काहींना चाळीसच्या आसपास पिना.

इंटेलच्या बाजूने हे काम टेड हॉफ यांच्याकडे आलं. आराखडा पाहून हॉफ यांना खर्चाची काळजी वाटली. इतक्या गुंतागुंतीच्या इतक्या चिप्स कबूल केलेल्या भावात देणं इंटेलला झेपणारं नव्हतं, आणि त्या आखायला माणसं कुठून आणायची हाही प्रश्न होता. हॉफ स्वतः डीईसी कंपनीचा ‘पीडीपी-८’ हा छोटा संगणक वापरत. त्याच्या आज्ञा अगदी साध्या होत्या, तरी पुरेशी मेमरी दिली की त्यांच्या जोरावर तो अवघड कामंही करायचा. मग कॅलक्युलेटरचंही तसंच का करू नये? मोठमोठ्या आज्ञांचे बारीक तुकडे करावेत, ते पार पाडणारी एकच साधी चिप बनवावी आणि सगळं अवघडपण मेमरीतल्या प्रोग्रामवर सोपवावं. मेमरी बनवणं हा तर इंटेलचा हातखंडा होता. नॉइस यांनी हॉफना पाठिंबा दिला. सप्टेंबरमध्ये स्टॅन्ली मेझर त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून रचना पक्की केली. त्याच साली ऑक्टोबरमध्ये बिझिकॉमने आपला आराखडा बाजूला ठेवून इंटेलचा पर्याय स्वीकारला. स्वतःच्या इंजिनिअरांची मेहनत बाजूला सारून असा निर्णय घेणाऱ्या त्या कंपनीचं कौतुक व्हायला हवं होतं, तेवढं झालं नाही.

कागदावरची रचना आणि सिलिकॉनवरची चिप यांत मोठं अंतर असतं. ते कापलं फेडेरिको फाजिन यांनी. इटलीतल्या व्हिचेन्झाचे, पादुआ विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले फाजिन यांनी १९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत सिलिकॉन गेट तंत्र विकसित केलं होतं. त्या तंत्राने ट्रान्झिस्टर लहान झाले, वेगवान झाले आणि एका चिपवर जास्त बसू लागले. एप्रिल १९७० मध्ये ते इंटेलमध्ये रुजू झाले आणि काही दिवसांतच शिमा जपानहून परतले. आतापावेतो बरंचसं काम झालेलं असेल, आपण फक्त तपासायचं, या समजुतीने ते आले होते. पाहतात तर मधल्या महिन्यांत चिपचा आराखडा जागचा हललाच नव्हता. शिमा संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. तरी ते परत गेले नाहीत. पुढचे जवळपास सहा महिने फाजिन यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी चिपच्या तर्काची आखणी केली. ज्याला गिऱ्हाईक म्हणून रागावण्याचा हक्क होता, तोच कारागीर म्हणून कामाला बसला. मायक्रोप्रोसेसरच्या जन्मकथेतला हा भाग सगळ्यात जास्त लक्षात ठेवण्याजोगा आहे.

एकूण चार चिप्स होत्या: प्रोग्राम ठेवणारी रॉम ‘४००१’, आकडे ठेवणारी रॅम ‘४००२’, कीबोर्ड आणि छपाईसाठी तारा वाढवून देणारी ‘४००३’ आणि हिशेब करणारी ‘४००४’. आराखडे हाताने काढले जात, मग लाल रंगाच्या पातळ फिल्मवर सुरीने कोरले जात. पहिल्या तीन चिप्स चालल्या. डिसेंबर १९७० च्या अखेरीस ‘४००४’ च्या पहिल्या चकत्या हाती आल्या, आणि त्यांतली एकही चिप चालेना. फाजिन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शोध घेतला, तेव्हा कारखान्यात एक अख्खा थर द्यायचाच राहून गेल्याचं दिसलं. जानेवारी १९७१ मध्ये नव्या चकत्या आल्या आणि चिप चालली. तिच्या एका कडेला फाजिन यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं कोरून ठेवली होती.

आता ही चिप जवळून पाहू, कारण कॅलक्युलेटरचा ठसा तिच्यावर किती खोल आहे हे इथे कळतं. ‘४००४’ एका वेळी चार बिट हाताळते. शून्य ते नऊ यांतला कोणताही अंक चार बिटांत मावतो, म्हणून चार. पण चार बिटांत पंधरापर्यंतचे आकडे बसतात आणि माणसाचं गणित दहावर थांबून हातचा घेतं. ही फट बुजवायला ‘४००४’ मध्ये डीएए नावाची आज्ञा आहे. समजा, सात आणि आठ यांची बेरीज करायची आहे. चिप आपल्या पद्धतीने करते आणि तिच्याकडे १५ जमतात, म्हणजे चारही बिट एक. मग डीएए पाहते, की आकडा नवाच्या वर गेला आहे. ती त्यात सहा मिळवते. १५ आणि ६ झाले २१. चार बिटांत मावतात ते १६, तेवढे ओसंडून हातच्याच्या रूपाने पुढच्या अंकाकडे जातात आणि मागे उरतात ५. पाच, हातचा एक. शाळेच्या पाटीवर होतं ते सिलिकॉनवर झालं. पुढचा अंक घ्यायचा आणि हेच पुन्हा करायचं.

रॅमचंही तेच. ‘४००२’ मध्ये चार रजिस्टर आहेत आणि प्रत्येकात मुख्य १६ अंकांची जागा, वर आणखी ४ अंकांची वेगळी जागा. सोळा जागांत संख्येचे अंक राहतात. चिन्ह आणि दशांशचिन्हाचं स्थान यांसारखा मजकूर उरलेल्या चारांत जातो. कॅलक्युलेटरच्या एका संख्येला जेवढं लागतं तेवढंच एका रजिस्टरमध्ये आहे. ‘४००४’ ला फक्त १६ पिना आहेत, कारण इंटेलकडे तेव्हा स्वस्तात मिळणारं आवरण तेवढ्याच पिनांचं होतं. त्यातली ‘टेस्ट’ नावाची एक पिन बिझिकॉमच्या यंत्रात छपाईच्या फिरत्या रुळाकडे नजर ठेवायला वापरली गेली: हवा तो अंक कागदासमोर कधी येतो हे प्रोसेसरला तिच्यावरून कळायचं.

‘बिझिकॉम १४१-पीएफ’ या छापील पट्टीच्या कॅलक्युलेटरचा सगळा प्रोग्राम चार रॉम चिप्समध्ये मिळून १,०२४ बाइटांत बसला. पाचव्या रॉमसाठी जागा मोकळी सोडली होती. ती चिप बसवली की हेच यंत्र वर्गमूळ काढू लागे. प्रोसेसर तोच, तारा त्याच, फक्त चार बोटांत मावेल एवढी एक चिप जास्त, आणि यंत्राला नवं काम येऊ लागलं. आज फोनमध्ये एखादं नवं ॲप उतरवताना जे घडतं त्याचं मूळ रूप या रिकाम्या खोबणीत दिसतं.

बिझिकॉमने या कामासाठी इंटेलला ६०,००० डॉलर देण्याचा करार केला होता आणि चिपवरचे हक्क बिझिकॉमकडे होते. पण १९७१ पर्यंत कॅलक्युलेटरचे भाव कोसळत चालले होते आणि बिझिकॉमला चिप स्वस्तात हवी होती. फाजिन आणि हॉफ इंटेलच्या वरिष्ठांमागे लागले: भाव कमी करून द्या, पण बदल्यात कॅलक्युलेटरखेरीज इतर कामांसाठी ही चिप विकण्याचा हक्क मागून घ्या. इतर कामं तरी कोणती, असा प्रश्न आल्यावर फाजिन यांनी चिप्स तपासणारं एक यंत्रच ‘४००४’ वर बांधून दाखवलं. सौदा झाला. १५ नोव्हेंबर १९७१ च्या ‘इलेक्ट्रॉनिक न्यूज’ मध्ये इंटेलची जाहिरात झळकली आणि मायक्रोप्रोसेसर सर्वांसाठी खुला झाला. बिझिकॉम १९७४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. एवढ्या मोलाचा हक्क इतक्या स्वस्तात सुटल्याची उदाहरणं उद्योगांच्या इतिहासात फार नाहीत.

हे सगळं श्रेय इंटेलच्या एकट्या दालनात ठेवणं इतिहासाला धरून होणार नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांनी प्रोग्राम, मेमरी आणि प्रोसेसर हे तिन्ही एकाच चिपवर आणले आणि सप्टेंबर १९७१ मध्ये ती चिप जाहीर झाली. तीही कॅलक्युलेटरसाठीच होती. वॉशिंग मशीनपासून खेळण्यांपर्यंत पसरलेल्या मायक्रोकंट्रोलरचं घराणं तिच्यापासून सुरू होतं. मॉस्टेक कंपनीने एका चिपवरचा कॅलक्युलेटर तर १९७० मध्येच केला होता, आणि त्याचं गिऱ्हाईक होतं तीच बिझिकॉम! एकाच कंपनीच्या मागणीतून दोन निरनिराळे शोध एकाच सुमारास बाहेर पडले. याखेरीज फोर-फेज कंपनीची ‘एएल१’ चिप होती, अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ विमानासाठी केलेला आणि १९९८ पर्यंत गुप्त राहिलेला चिप-संच होता. पहिला कोण, या वादाचं उत्तर ‘मायक्रोप्रोसेसर’ची व्याख्या कशी करायची यावर ठरतं. मात्र एक गोष्ट वादापलीकडची आहे. कुणालाही विकत घेता येईल आणि हव्या त्या कामाला जुंपता येईल असा प्रोसेसर ‘४००४’ ने दिला, आणि तिथवर जाण्याचा रस्ता कॅलक्युलेटरच्या दुकानातून गेला.

तो रस्ता तिथे संपलाही नाही. अमेरिकेत अल्बुकर्कीची एमआयटीएस ही कंपनी कॅलक्युलेटरचे सुटे संच विकायची. किंमतयुद्धात ती कर्जात बुडाली, तेव्हा तिचे मालक एड रॉबर्ट्स यांनी इंटेलची ‘८०८०’ चिप घेऊन घरी जोडता येईल असा संगणक काढला. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर आलेला हाच तो ‘अल्टेअर ८८००’; बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक या प्रोग्रामिंग भाषेची आपली पहिली आवृत्ती याच्यासाठी लिहिली. ती ‘८०८०’ चिपही फाजिन आणि शिमा यांच्याच हातची. कमोडोर हीसुद्धा कॅलक्युलेटरवाली कंपनी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या मारापुढे टिकाव धरायला तिने १९७६ मध्ये चिप बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ‘पेट’ संगणक बाजारात आणला. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी पहिला अ‍ॅपल संगणक घडवला तेव्हा ते ह्यूलेट-पॅकार्डमध्ये कॅलक्युलेटरचं डिझाइन करत होते.

भारतातही हीच वाट दिसते. शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीसीएम कंपनीतली नोकरी सोडून मायक्रोकॉम्प नावाची कंपनी काढली आणि कॅलक्युलेटर विकून भांडवल उभं केलं. त्यातून १९७६ मध्ये एचसीएल उभी राहिली आणि १९७८ मध्ये तिने स्वतःचा मायक्रोकॉम्प्युटर आणला. अमेरिकेत आणि भारतात वेगवेगळ्या माणसांनी आधी हिशेबाच्या यंत्रावर पाय रोवले आणि मग संगणकाकडे झेप घेतली, याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. त्या दशकाच्या सुरुवातीला सामान्य माणूस स्वतःच्या पैशाने घेईल असं इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र फक्त कॅलक्युलेटरच होतं. कारखाने, विक्रेते, दुरुस्ती करणारे आणि तरुण इंजिनिअर हे सगळे त्याच्याच भोवती जमले होते.

श्रेयाची वाटणी उशिरा झाली, तरी झाली. फाजिन १९७४ मध्ये इंटेल सोडून गेल्यावर बरीच वर्षं त्यांचं नाव मागे पडलं होतं. १९९७ मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार फाजिन, हॉफ, मेझर आणि शिमा या चौघांना मिळून देण्यात आला. कल्पना मांडणारा, ती आखणारा, ती सिलिकॉनवर उतरवणारा आणि कॅलक्युलेटर नेमका कसा चालतो हे जाणणारा, असे चौघं लागले होते. कॅलक्युलेटरच्या गणिताचा वारसाही बराच टिकला. आकड्यात सहा मिळवून हातचा काढणारी ती डीएए आज्ञा ‘८०८०’ मध्ये होती, तिथून ती ‘८०८६’ मध्ये गेली आणि घरोघरच्या पीसीमध्ये पोचली. ६४ बिटांच्या पद्धतीत मात्र तिला रजा देण्यात आली.

‘१४१-पीएफ’ चा प्रोग्राम आज अभ्यासकांना वाचता येतो, कारण कुणीतरी ही यंत्रं जपून ठेवली आणि त्यांच्या रॉम चिप्समधून तो एकेक बाइट करून पुन्हा मिळवता आला. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातले कॅलक्युलेटर दुकानांच्या फळ्यांवर, पतपेढ्यांच्या कपाटांत, निवृत्त हिशेबनिसांच्या घरी अजून पडून असतील. ते चालत नसले तरी त्यांना मोल आहे. भंगारात घालण्याआधी मॉडेलचा क्रमांक, खरेदीचं वर्ष आणि मिळाली तर पावती सोबत ठेवून असं यंत्र एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा संग्रहालयाला द्यावं, एवढी विनंती वाचकांना आहे.